तटस्थ चित्र

तार्तू, फेब्रुवारी. तळघरात यंत्राची घरघर.
आडो लेपिक, वय अडुसष्ट,
बक्कल, घड्याळ, खिशातली नाणी
माझ्या ट्रेमध्ये काढून ठेवतो
आणि विचारतो, दात चालतील का?
सोन्याचे आहेत, दोन.
चालतील, मी म्हणते,
आणि त्याच्या गार, घट्टे पडलेल्या बोटाला चिमटा लावते.

सूचना साध्या आहेत.
पडद्यावर 'पाहा' आलं तर नुसतं पाहा.
'बदला' आलं तर त्याच चित्राची गोष्ट मनात बदला.
रडणारी बाई लेकीच्या लग्नात रडतेय समजा.
राग गिळू नका, काळजावर दगड ठेवू नका,
फक्त गोष्ट बदला.
तो म्हणाला, माझी बायको हे रोज करायची.

काचेच्या या बाजूला मला मेंदू दिसत नाही.
तो रंगून यायला तीन आठवडे लागतात.
मला दिसते ती नाडी,
आणि दोन ठोक्यांमधलं अंतर, सेकंदाच्या हजाराव्या भागांत:
आठशे बारा. आठशे चौसष्ट. सातशे नव्वद.
नवख्यांना वाटतं, निरोगी हृदय घड्याळासारखं चालतं.
छे. श्वास आत घेताना ते जरा घाई करतं,
सोडताना रेंगाळतं,
शाळेतून घरी येणाऱ्या पोरासारखं.
मानेतून उतरणारी एक भटकी नस
त्याचा लगाम धरते, सैल सोडते, पुन्हा धरते.
डॉक्टर मारिका म्हणतात,
ज्यांचं अंतर असं हलतं राहतं
त्यांच्या कपाळामागे काहीतरी जागं असतं,
खोलवरच्या बदामाएवढ्या गाठीला
उगाच भडकू न देणारं.
बहुतेक. सरासरीने.
हृदय कपाळाला सांभाळतं की कपाळ हृदयाला,
असं विचारलं की त्या चष्मा पुसायला घेतात.

साप. तो शांत.
जळणारं घर, 'बदला'. शांत.
मग चित्र एकतीस.
यादीत त्याच्यापुढे लिहिलंय: तटस्थ.
गोठलेला समुद्र, माणूस नाही, वर थोडं आभाळ.
मन विसावावं म्हणून मीच निवडलेलं.

सहाशे चाळीस. सहाशे एकोणचाळीस.
सहाशे चाळीस. सहाशे चाळीस.
अगदी घड्याळ.
माझा हात थांबवायच्या बटणाकडे गेला.

पडद्यावर 'पाहा' होतं.
बदल असं त्याला कोणी म्हटलं नव्हतं.
तरी छाती एकदा खूप लांब खाली गेली.
सहाशे ऐंशी.
सातशे तीस. सातशे दहा.
अंधारात भिंत चाचपत
दिव्याच्या बटणापर्यंत जावं, तसं.
आठशे.

बूट चढवताना तो आपणहून बोलला.
सव्वीस हिवाळे रोहुक्युलाच्या बर्फवाटेवर
मी जाडी मोजली, पोरी. खाली समुद्र, वर गाड्या.
सांगायचो, सीटबेल्ट सोडून बसा, मध्ये थांबू नका,
आणि अमुक वेग तर टाळाच,
त्या वेगाला बर्फाखालची लाट गाडीसोबत धावते.
लोकांना वाटायचं, चांगला बर्फ दगडासारखा.
चांगला बर्फ चाकाखाली वाकतो. कण्हतो. परत वर येतो.
त्या सकाळी तो काहीच बोलला नाही.
भावाचं नाव त्याने एकदाच घेतलं, व्हाम्बोला,
आणि ट्रेमधली नाणी मोजायला लागला.

गोष्ट बदललीत का, मी विचारलं. (विचारायचं नसतं.)
ती कुठे बदलते?
मी जरा सरकून उभा राहिलो.

संध्याकाळी डॉक्टर मारिका म्हणाल्या,
या माणसासाठी चित्र तटस्थ नव्हतं, ती नोंद बाद.
बरोबरच आहे. नियम मीच टाइप केलेत.
ओळ गाळली.

पण दुपारी तो गेला तेव्हा
मी खुर्चीवर चढून खिडकीतून पाहत होते.
आमच्या खिडकीतून फक्त पाय दिसतात.
पायऱ्यांवर काचेसारखा बर्फ,
विद्यार्थ्यांचे ताठ पाय सटासट घसरत होते.
त्याचे गुडघे थोडे वाकलेले,
एक पाऊल लांब, एक आखूड,
मग जरा थांबून आणखी एक.